खाडीवर घेतलेलं नाव

लासलगावच्या गाड्या कसाऱ्याच्या घाटात अडकल्यात, आत्ताच फोन आला. म्हणजे पहाटेशिवाय काम नाही. शिवतेज, ती बिडी विझव आधी, खाली बारदान आहे. इंद्रजित, तूही सरक इकडं, तिथं वारं लागतं. झोप येत नसेल तर हौसेरावचं सांगतो. आपल्याच टोळीत होता, त्या समोरच्या गाळ्यावर. तुम्ही दोघं कामाला लागलात त्याच्या आधीची गोष्ट, पंच्याण्णव सालची. यातलं निम्मं माझ्यासमोर घडलंय. निम्मं हौसेरावनं मला दवाखान्यात सांगितलं, आणि तो माणूस खोटं बोलणारा नव्हता.

तीस जानेवारी, सोमवती अमावस्या. मार्केट सुटल्यावर हौसेराव कोपरखैरण्याला घरी गेला, आंघोळ केली आणि स्वतःच्या हातानं भात शिजवला. बायको जयमाला दारात उभी राहून बघत होती, पण हात लावेना. त्यानं भात डब्यात भरला, वर दही घातलं, तीळ घातले, एक पत्रावळ काखेत मारली आणि चालत खाडीकडं निघाला. दहावं घालायला.

आता दहावं कुणाचं, तर गोटीराम खडके नावाच्या लेखकाचं.

हौसेराव पाटणकडचा, सातवी शिकलेला. त्याला वाचनाचं वेड लावलं ते या खडक्यांनी. खाणीत दगड फोडणारी माणसं, ट्रकवरचे क्लीनर, आपल्यासारखे हमाल, यांच्याच गोष्टी लिहायचे ते. हौसेरावची पहिली मुलगी दीड वर्षाची होऊन तापात गेली. तेव्हा हा कुणाशी बोलेना, जेवेना. मग कुठल्याशा दिवाळी अंकात त्याला खडक्यांची एक गोष्ट सापडली. एक बाप मेलेलं पोर मांडीवर घेऊन ट्रकच्या केबिनमध्ये बसून गावाला निघतो, आणि ड्रायव्हरला कळू नये म्हणून रस्ताभर त्या पोराशी बोबडं बोलत राहतो. एवढीच गोष्ट. ती वाचून हा हंबरडा फोडून रडला. मला म्हणाला, "भैरू, ह्या माणसानं माझ्या आत बसून लिवलंय." तेव्हापासून त्यांचं एक पुस्तक त्यानं सोडलं नाही. रात्री जयमालाला वाचून दाखवायचा. भेट मात्र कधी झाली नाही. खडके कुठं राहतात कुणाला ठाऊक नव्हतं. पुस्तकावर फोटो नसायचा, सभेबिभेला ते जात नव्हते.

ते गेल्याची बातमी त्यानं इथंच वाचली, शेठच्या पेपरात. चार ओळी होत्या. वाचली आणि कांद्याच्या पोत्यावर खालीच बसला. आम्ही गोळा झालो.

"कोण गेलं रं?"

"गोटीराम खडके."

"पाव्हणं का?"

"न्हाय."

"मग कोण तुझं?"

त्यानं त्या चार ओळी फाडून खिशात घातल्या. त्या दुपारी तो न्हाव्याकडं गेला आणि डोकं, मिशी, सगळं उतरवून घरी आला. जयमालानं दार उघडलं आणि कपाळावर हात मारला. म्हणाली, "मामंजी गावाकडं धडधाकट हायत, तुमी डोकं कुणासाठी भादरून आलाय?" तो म्हणाला, "त्यांच्यासाठी कुणी केलं असंल-नसंल. मी केलं."

तर असा तो खाडीवर गेला. दहावं सकाळी घालतात, पण सकाळी गाड्या लागलेल्या, सुट्टी कोण देणार? पोचला तेव्हा सूर्य बुडाला होता. ओहोटी होती. पाणी लांब गेलेलं, नुसता काळा चिखल आणि त्यातनं वर आलेली तिवरांची मुळं. त्यानं बांधावर पत्रावळ मांडली, पिंड ठेवला, हात जोडले. तेवढ्यात गावठाणातली एक म्हातारी, भिमाबाई, खेकड्यांची टोपली डोक्यावर घेऊन घरी चालली होती. ती थांबली.

"कोनाला बोलवतस रं बाबा?"

"माझं मानूस गेलंय आजी. दहावं हाय."

"दहावा सकालचा करतान. आता कावला येल का? चल घरा. या टायमाला पान्याकरं तोंड करून नाव नको घेव कोनाचा. कोन पन ओ देतं."

ती गेली. हौसेराव थांबला. कावळा कुठला यायला? अंधार पडत चालला, पिंड तसाच. त्याच्या मनानं घेतलं की खडक्यांची काहीतरी इच्छा राहिली आहे. तो मोठ्यानं म्हणाला, "गोटीराम खडके, जेवा. तुमचं जे राहिलं असंल ते मी पुरं करीन. शब्द देतो." कावळा नाही. त्यानं पुन्हा हाक मारली. "गोटीराम खडके!"

चिखलातनं ओ आली.

आधी त्याला वाटलं, कुणी मासेवाला असेल. तिवरांतनं एक माणूस उठून येत होता, कमरेइतक्या चिखलातनं, हळूहळू, पाय उपसत. बांधावर चढला. पत्रावळीपुढं उकिडवा बसला. दोन्ही हातांनी भात तोंडात कोंबायला लागला. अंगावर बंडी, गुडघ्यापर्यंत धोतर. डाव्या कानाच्या वर डोकं आत गेलेलं. पोचा पडलेल्या पातेल्यासारखं.

"तुमी... खडके?"

माणसानं मान हलवली.

"लई वर्सांनी कुणी हाक मारली," तो म्हणाला.

लक्षात घ्या, लेखक जाऊन दहाच दिवस झाले होते. पण हौसेरावच्या ते ध्यानातच आलं नाही. त्याला फक्त ते डोकं दिसत होतं. त्यानं विचारलं, "तुमाला मारलं कुणी?"

"सुधीरनं. महाप्याच्या खाणीवर. घणानं." मग पत्रावळ चाटत म्हणाला, "तू म्हनलास, राहिलेलं पुरं करीन."

हौसेराव म्हणाला, "म्हनलो."

तो घरी निघाला तर मागं चिखलातनं पाय उपसल्याचा आवाज. रस्ता डांबरी होता. जयमालानं दार उघडलं आणि दोन पावलं मागं सरली.

"कोण हाय तुमच्या मागं?"

मागं कुणी नव्हतं.

त्या रात्रीपासून सुरू झालं. हौसेराव तिघांचं जेवायला लागला. मध्यरात्री उठायचा आणि भिंतीवर मुठी घालायचा. एका तालात, दगड फोडतात तसा. बोटांची सालटं निघाली, रक्त भिंतीवरनं ओघळलं, तरी थांबेना. जयमालानं मागनं मिठी मारून धरलं तर त्यानं तिला असं भिरकावलं की ओट्याची कड लागून तिचे दोन दात पडले. सकाळी तोच माणूस तिच्या पायाशी बसून रडत होता, "कुणी मारलं गं तुला?" असं विचारत होता. हा असला माणूस, ज्यानं लग्नाच्या दिवसापासून तिच्यावर आवाजसुद्धा चढवला नव्हता.

मार्केटात त्याला लोक चिडवायचे. टक्कल बघून. एक दिघ्याचा ड्रायव्हर होता, तो म्हणाला, "काय हौसेराव, कागदावरचा बाप मेला म्हणे?" एरवी हौसेराव हसून पुढं गेला असता. त्या दिवशी त्याच्या हातात पोती ओढायचा आकडा होता. त्यानं तो आकडा ड्रायव्हरच्या खांद्यात घातला. नुसता मारला नाही. घातला, आणि ओढला. पोतं ओढतात तसा. माणूस किंचाळत फरफटत आला त्याच्यामागं. आम्ही चौघं अंगावर पडलो तेव्हा सुटला. मी त्याच्या छातीवर बसलो होतो. तो माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, "मुकादमाची मानसं तुमी. समदी मुकादमाची मानसं." आवाज हौसेरावचा नव्हता, पोरांनो. त्याच्याशेजारी वीस वर्षं पोती वाहिलीत मी. तो आवाज त्याचा नव्हता.

ड्रायव्हरला टाके पडले. सगळ्यांनी हातापाया पडून केस मिटवली. संध्याकाळी जयमाला माझ्या घरी आली. तोंडाला पदर लावलेला. म्हणाली, "भाऊजी, ते म्हनत्यात खडके घरात येऊन बसलेत. त्यांचा खून झालाय, आणि आता महाप्याच्या खाणीवरच्या सुधीर नावाच्या माणसाला मारायचं हाय. तुमी त्यांच्या घरच्यांना विचारा की खरंच मारलं का. न्हाय म्हनले तर ह्यांचं डोकं ठिकाणावर येईल."

पेपरात आलं होतं, शनिवारी संध्याकाळी बेलापूरला खडक्यांची शोकसभा. आम्ही दोघं गेलो. हौसेरावला खोलीत ठेवून बाहेरनं कडी घातली, शेजारच्यांना सांगून ठेवलं. सभेत चांगली शिकलेली माणसं होती, भाषणं झाली. संपल्यावर लेखकाच्या बायकोला गाठलं. अरुणाबाई. शांत बाई. जयमालानं तिला नवऱ्याचं सांगितलं, डोकं भादरल्याचं, दहाव्याचं. अरुणाबाईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "आमच्या मुलानं केस काढले नाहीत हो."

मी म्हणालो, "बाई, राग मानू नका. त्यांना कुणी मारलं का?"

"मारलं? नाही. झोपेत गेले. मी शेजारीच होते." मग त्यांच्या ध्यानात आलं, आम्हाला काहीच ठाऊक नाही. "माझ्या यजमानांचं नाव मधुकर. गोटीराम खडके हे नुसतं लिहायचं नाव."

"मग असं नाव का घेतलं त्यांनी?"

"कचेरीत होते ते, खाणींच्या खात्यात. एका उन्हाळ्यात खाणीवरचा एक माणूस सारखा यायचा. मुकादम जिवावर उठलाय, काहीतरी करा म्हणायचा. ह्यांनी त्याला साहेबांकडं पाठवलं, साहेबांनी परत ह्यांच्याकडं. मग तो यायचाच थांबला. ह्यांनी चौकशी केली, तर खाणीवर कुणी बोलेना. त्याच वर्षी ह्यांची पहिली गोष्ट छापून आली. मी विचारलं, हे नाव कुठलं? तर म्हणाले, निदान नाव तरी कुठंतरी राहू दे."

जयमालानं माझा दंड धरला. "त्या माणसाचं नाव..."

"तेच," बाई म्हणाल्या. "गोटीराम खडके."

आम्ही परत आलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. शेजारचे खाली जमलेले. वर दाराची कडी कोयंड्यासकट उपटून जिन्यात पडली होती. आकडा खुंटीवर नव्हता.

मी रिक्षा केली. जयमालाला घरी थांब म्हणालो, ती ऐकेना. महाप्याला कारखान्यांची वस्ती संपते तिथं रिक्षावाल्यानं सोडलं, पुढं यायला तयार नव्हता. तिथनं खाणीपर्यंत कच्चा रस्ता, डंपरच्या चाकांनी उकरलेला. दिवा एकच, पत्र्याच्या ऑफिसातला. तिथवर पळत गेलो.

दार सताड उघडं.

आत सुधीरशेठ भिंतीला टेकून उभा. आधी याच खाणीवर मुकादम होता, मग मालक झालेला. हौसेरावनं त्याची कॉलर डाव्या हातात धरलेली. आकड्याचं टोक गळ्याला लावलेलं. रक्ताची एक धार सदऱ्यात चाललेली. पण शेठ हौसेरावकडं बघतच नव्हता. त्याच्या उजव्या खांद्यामागं बघत होता.

तिथं कुणी नव्हतं.

"गोटीराम," शेठ म्हणाला. "तू... तुला तर मी खाडीत..."

मी ओरडलो, "हौसेराव! हा तुझा खडके न्हवं! तुझ्या लेखकाचं नाव मधुकर होतं. ते झोपेत गेले. त्यांच्या बायकोनं सांगितलं. हा दुसरा कुणीतरी हाय!"

जयमाला म्हणाली, "अहो, ऐका त्यांचं. सोडा त्याला."

हौसेरावचा हात थांबला. त्यानं मान वळवली. उजव्या अंगाला बघितलं. खूप वेळ. मग अगदी हळू, घरातल्या वडीलधाऱ्याला विचारावं तसं विचारलं,

"मग तुमी कोण?"

...

खोलीत खाडीचा वास होता. कुजका, खारा. मी काही पाहिलं नाही पोरांनो, खोटं कशाला सांगू. पण वास होता. आणि कुणीतरी श्वास घेत होतं. आम्हा चौघांचा सोडून.

हौसेरावनं कॉलर सोडली. आकडा खाली टाकला.

"मी शब्द त्यांना दिला हुता," तो म्हणाला. "तुमाला न्हाय."

मग आवाज आला. फांदी मोडल्यासारखा. हौसेरावचा उजवा हात कोपराच्या खाली वाकला. उलट्या बाजूला. तो ओरडायच्या आत दुसरा. डावा. तो गुडघ्यांवर आला. त्याला कुणी शिवलेलं मला दिसलं नाही.

शेठ मला आडवा पाडून बाहेर पळाला.

दिवा गेला.

मी जमिनीवर. जयमाला माझ्या शेजारी. ती नवऱ्याला ओढत होती. अंधारात काहीतरी फरशीवरनं घासत दाराकडं गेलं. जड. लोखंडाचं. दारापाशी थांबलं.

मग बाहेर खडीवर.

शेठचे पळणारे पाय ऐकू येत होते. त्यामागनं दुसरे. पळत नव्हते. चालत होते. पाय उपसत, उपसत...

"गोटीराम, नको. गोटीराम, अरे पोरंबाळं..."

एक घाव.

...

आणखी एक.

मग घाव पडतच राहिले. एका तालात. दगड फोडतात तसे. मी कान झाकले तरी जमिनीतनं ऐकू येत होते.

थांबले तेव्हा उजाडायला आलं होतं.

शेठ खाणीच्या तोंडाशी सापडला. कपड्यांवरनं ओळखला. त्याचं वर्णन करत नाही, तुम्हाला अजून झोपायचंय. घण शेजारी पडला होता. पोलिसांनी मला दोन रात्री चौकीत बसवलं, विचारलं, मारलं. हौसेरावला धरणार होते, पण दोन्ही हात मोडलेला माणूस घण उचलणार कसा? डॉक्टरांनीच लिहून दिलं. शेवटी वरनं दरड आली, दगडाखाली सापडला, असं म्हणून मिटवलं.

हौसेराव अडीच महिने दवाखान्यात होता. दोन्ही हात प्लास्टरमध्ये. जयमाला त्याला घास भरवायची, आणि तो सांगेल ते पुस्तक डोळ्यासमोर धरून पानं उलटायची. एकदा मी बसलो होतो तर म्हणाला, "भैरू, मी त्याला न्हाय म्हनलो, ते बरोबर केलं का?"

मी म्हणालो, "न्हाय म्हनला नसतास तर आज फासावर असतास."

"ते हाय," तो म्हणाला. "पर त्यानं ओ दिली हुती रं. एवढ्या वर्सांत त्याचं नाव कुणी घेतलं, तर मी. आणि तेबी दुसऱ्याला हाक मारताना." मग भिंतीकडं तोंड करून रडला. आता कुणासाठी रडतोस, हे मी विचारलं नाही.

हात जुळले, पण उजव्यात जोर राहिला नाही. मार्केट सुटलं. जयमालानं पोळीभाजीचे डबे सुरू केले, तो पोचवायला जायचा. घरात पुन्हा काही झालं नाही. पाय वाजले नाहीत, भिंत वाजली नाही. मला वाटलं, संपलं.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी खडक्यांचं शेवटचं पुस्तक आलं, त्यांच्या मागं राहिलेल्या गोष्टींचं. वाशीला पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं. हौसेराव मला घेऊन गेला. दुकानदारानं आमच्यासमोर गठ्ठ्याची सुतळी कापली. छापखान्यातनं त्याच दिवशी आलेला माल, पानं एकमेकांना चिकटलेली. हौसेरावनं वरचं पुस्तक उचललं आणि पहिलं पान उघडलं.

उघडलं आणि तसाच उभा राहिला. पुस्तक माझ्या हातात दिलं.

पानावर छापलेलं होतं, गोटीराम खडके. त्या नावाच्या बरोबर खाली काळ्या चिखलाचा आंगठा उठला होता. मोठा, राबणाऱ्या माणसाचा. मी बोट लावलं. ओला होता. बोट नाकाशी नेलं. खाडीचा वास.

दुकानदार म्हणाला, "डाग पडलाय वाटतं, बदलून देतो." त्यानं दुसरं पुस्तक काढलं, उघडलं. मग तिसरं. मग एकेक उघडत गठ्ठ्याच्या तळापर्यंत गेला...

सगळ्या गठ्ठ्यात. प्रत्येक पुस्तकात. नावाखाली.